बाहेरच्यांना मशीनचं नेटवर्क किती आणि कसं उघडायचं? (भोसरीतलं छोटं मशीन शॉप, सल्ला हवा आहे)

भोसरीवाला

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, वडिलांनी सुरू केलेलं. अकरा मशीन्स, दोन शिफ्ट, ऑफिस धरून तीसेक माणसं. ऑटोचे पार्ट करतो. हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग जॉबवर्कला बाहेर जातं.

गेल्या दोन महिन्यांत चौघांनी चार मागण्या केल्या आहेत. चाकणच्या कस्टमरला मशीनचा लाइव्ह डेटा हवाय. मशीन कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर म्हणतो रिमोट (दुरून मशीनमध्ये शिरायची सोय) कायम चालू ठेवा. हीट ट्रीटमेंटवाल्याला ड्रॉइंगचं फोल्डर पाहिजे आणि सीएंच्या ऑफिसला टॅली. माझ्याकडे राउटर एकच. ऑफिस, मशीन्स, सीसीटीव्ही, पाहुण्यांचं वायफाय, सगळं त्याच्यावरच.

परवा एका मशीनचं इलेक्ट्रिकल पॅनेल उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला सेलोटेपने चिकटवलेली चिठ्ठी. राउटरचा पासवर्ड, त्याखाली रिमोटचा आयडी आणि त्याचाही पासवर्ड. ज्या मुलाचं ते अक्षर आहे तो दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून गेला. दोन्ही पासवर्ड अजून तेच आहेत.

हे लिहायला बसलो त्याचं खरं कारण वेगळं आहे. मध्यंतरी सकाळच्या शिफ्टला एका व्हीएमसीचा (उभ्या मिलिंग मशीनचा) वर्क ऑफसेट, म्हणजे जॉब नेमका कुठे आहे ते मशीनला सांगणारा आकडा, बदललेला निघाला. पहिला पीस तपासेपर्यंत मागचे चाळीस पीस स्क्रॅपमध्ये गेले होते. रात्री कोणीतरी रिमोटने आत येऊन गेलं एवढं कळलं. कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण बाहेरचे सगळे एकाच आयडीने येतात. ऑपरेटर बिचारा दोन दिवस मान खाली घालून फिरत होता आणि त्याची काही चूक नव्हती. त्याचं मला फार लागलंय.

बजेट दोन-अडीच लाख. सुरुवात कुठून करू?

कंट्रोल_पॅनेल

पंधरा वर्षं ऑटोमेशनमध्ये आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या सीएनसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) पॅनेलवर प्रोग्रॅम प्रोटेक्टची चावी असेल. ती फिरवल्याशिवाय प्रोग्रॅम एडिट होत नाही. आता शॉपमध्ये जाऊन बघा, ती चावी कायम लावलेली असणार, हरवू नये म्हणून सुतळीने बांधलेली. मी गेलो त्या दहातल्या आठ ठिकाणी हेच पाहिलंय. कंपनीने कुलूप दिलं, आपण ते उघडं ठेवलं. तुमचा रिमोट आयडी म्हणजे तीच सुतळीने बांधलेली चावी.

सुरुवात रिमोटपासूनच करा, कारण नुकसान तिथूनच झालंय. मशीनच्या पीसीवरचं स्क्रीन शेअरिंगचं सॉफ्टवेअर काढून टाका. त्याऐवजी औद्योगिक रिमोट राउटर घ्या. ईवॉन कोझी किंवा सीमेन्सचा स्केलन्स एस६१५ यांच्यावर डिजिटल इनपुट असतो. त्याला पॅनेलवरचा साधा की-स्विच जोडता येतो. चावी फिरवली तरच बोगदा (बाहेरून मशीनपर्यंतची सुरक्षित जोडणी) उघडतो, उलटी फिरवली की बंद. इंजिनिअरने फोन करायचा, सुपरवायझरने मशीन थांबवून चावी फिरवायची, काम होईपर्यंत समोर उभं राहायचं आणि नंतर चावी काढून ड्रॉवरमध्ये ठेवायची. रजिस्टरमध्ये चार रकाने: कोण, कोणत्या मशीनवर, किती ते किती, काय बदललं. सर्व्हिसवाल्या प्रत्येक माणसाचं स्वतःचं लॉगिन आणि त्यावर ओटीपी. "आमची टीम एकच आयडी वापरते" म्हणाले तर ऐकू नका. आणि जाणाऱ्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद. अमेरिकेतली इंधनाची कलोनियल पाइपलाइन मे २०२१ मध्ये बंद पडली, तेव्हा हल्लेखोर शिरले होते ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन (दुरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या) खात्यातून, ज्यावर पासवर्डशिवाय दुसरी कसलीच खातरजमा नव्हती. तुमच्या चिठ्ठीतला पासवर्ड त्याच जातीचा आहे.

दुसरं, नेटवर्क तोडा. एक मॅनेज्ड स्विच, एक बऱ्यापैकी फायरवॉल. ऑफिस वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा कप्पा), मशीन्स वेगळ्या, कॅमेरे वेगळे, पाहुणे वेगळे. औद्योगिक सुरक्षेचं आयईसी ६२४४३ नावाचं मानक आहे. त्याची मूळ कल्पना एवढीच की सारख्या गरजेची यंत्रं एका कप्प्यात ठेवायची आणि दोन कप्प्यांमध्ये जायला मोजकी, लिहून ठेवलेली वाट द्यायची. कॉम्प्रेसर किंवा एनर्जी मीटर मॉडबस टीसीपीवर (यंत्रांची एकमेकांशी बोलायची जुनी पद्धत) असतील तर हे फारच गरजेचं. मॉडबसमध्ये मुळात पासवर्ड हा प्रकारच नाही. त्या लॅनवर जो पोचला, त्याचं मीटर ऐकतं.

तिसरं, कस्टमरचा डेटा. त्यांना आत घ्यायचंच नाही. तुमचा एक पीसी मशीनकडून डेटा वाचेल आणि त्यांच्या सर्व्हरकडे ढकलेल, एमक्यूटीटी (डेटा पाठवायची एक पद्धत) वापरत असाल तर टीएलएससह (म्हणजे एन्क्रिप्ट करून), ८८८३ पोर्टवरून. बाहेरून आत येणारा एकही पोर्ट उघडू नका. मशीनला एमटीकनेक्ट (मशीनचा डेटा देण्याचं मानक) असेल तर उत्तम, ते बनवलंच आहे फक्त वाचण्यासाठी. ओपीसी यूए (डेटा देवाणघेवाणीचं दुसरं मानक) असेल तर इंटिग्रेटर (जोडणी करून देणारा) "सिक्युरिटी नन", म्हणजे सुरक्षा बंद, ठेवून निघून जाणार नाही, याकडे लक्ष ठेवा. काम लवकर उरकतं म्हणून बरेच जण तसं करतात. सर्टिफिकेट लावून, साइन आणि एन्क्रिप्ट दोन्ही चालू करून घ्या आणि मगच त्याचं बिल पास करा.

गिअरबॉक्स७२

कंट्रोल_पॅनेल साहेब, माहिती चांगली आहे. पण एक विचारू का? तीस माणसांच्या शॉपवर हल्ला करायला कोण येणार? आमचंही साधारण एवढंच युनिट आहे. हे पैसे एका नव्या प्रोबला (मशीनवरच माप घेणाऱ्या) घातले तर रिजेक्शन तरी कमी होईल.

कंट्रोल_पॅनेल

गिअरबॉक्सभाऊ, प्रश्न रास्त आहे. भोसरीवाल्यांचे चाळीस पीस कोणा हॅकरने घालवलेले नाहीत, घरच्याच माणसासारख्या वावरणाऱ्या कोणीतरी घालवले. रोजचा धोका तोच.

मोठ्या धोक्याचं उदाहरण हवं असेल तर जपानचं बघा. कोजिमा इंडस्ट्रीज ही टोयोटाला प्लॅस्टिकचे पार्ट देणारी कंपनी. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी तिच्यावर रॅन्समवेअरचा (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला झाला. शिरकाव थेट तिच्यातही नव्हता. तिच्या एका उपकंपनीने बाहेरच्या एका कंपनीशी बोलायला जे रिमोट उपकरण ठेवलं होतं, त्यातून झाला. १ मार्चला टोयोटाला जपानमधले १४ कारखाने, २८ लाइन्स बंद ठेवाव्या लागल्या. एका दिवसाला साधारण १३,००० गाड्या. हल्ला करणाऱ्याला टोयोटाचं दार ठोठवावंच लागलं नाही.

आता चाकणचा कस्टमर असली उदाहरणं बघून वेंडरला प्रश्न विचारायला लागला, तर त्याचं काय चुकलं? उत्तर तयार असलेलं बरं.

बंदरावरचा

उरणहून लिहितोय. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचं घातक सॉफ्टवेअर पसरलं तेव्हा जेएनपीटीतल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. ती लागण निघाली होती युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आपल्या न्हावाशेव्याचा आणि त्या सॉफ्टवेअरचा काय संबंध? नेटवर्क जोडलेलं होतं, एवढाच. म्हणून सीएंच्या टॅलीची वाट मशीनच्या कप्प्यातून जाता कामा नये.

क्वालिटीवाली

मी वेंडरकडे क्वालिटी बघते. वरचे सगळे कोण आत येतं यावर बोलतायत, मला बाहेर काय जातं यावर बोलायचंय.

दादा, कस्टमरला "लाइव्ह डेटा" द्यायचा म्हणजे नेमकं काय द्यायचं ते आधी कागदावर आणा. आमच्याकडे उत्साहात सगळे टॅग (मशीनमधून वाचता येणारे आकडे) देऊन टाकले होते. सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ), स्पिंडल लोड (कटिंगचा मोटरवरचा भार), मशीन किती वेळ रिकामं, सगळं. पुढच्या किमतीच्या बैठकीला समोरचा माणूस आमचाच सायकल टाइम सेकंदात घेऊन बसला होता. आमच्या प्रोग्रॅमरने चार महिने खपून तो कमी केला होता आणि फायदा पहिल्याच वर्षी दरातून कापला गेला. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

त्यांची खरी गरज काय असते? माल वेळेवर येणार का, आणि तपासलेला आहे का. त्यासाठी ऑर्डरनिहाय तयार नग, रिजेक्शन, बॅचचा हीट नंबर आणि तपासणीचे रीडिंग पुरतात. सायकल टाइम आणि स्पिंडल लोड ही तुमची विद्या आहे, ती घरात ठेवा. करारात तीन वाक्यं घालून घ्या: डेटा कोणाचा, किती दिवस ठेवणार, आणि आम्हाला विचारल्याशिवाय तिसऱ्याला देणार नाही. मागितलं की मिळतं, फक्त मागावं लागतं.

हीट ट्रीटमेंटवाल्याला अख्खं फोल्डर देऊ नका. त्याला हवं ते त्याच्या ऑपरेशनचं शीट: मटेरियल, हार्डनेस, केस डेप्थ (कडक थराची खोली), कुठे मास्किंग (कोणता भाग झाकायचा). पूर्ण ड्रॉइंग त्याच्याकडे गेलं तर कस्टमरशी केलेल्या गोपनीयतेच्या करारात तुम्हीच अडकाल. ज्याची मुदत संपते अशी लिंक पाठवा, आणि रिव्हिजन बदलली की जुनी लिंक बंद करा. जुन्या रिव्हिजनच्या प्रिंटवर काम होऊन आलेला लॉट परत पाठवताना किती मनस्ताप होतो ते इथे सगळ्यांनाच माहीत असेल.

अजून एक, कस्टमरच्या पोर्टलचं तुमचं लॉगिन कितीजण वापरतात तेही बघा. डिस्पॅच, क्वालिटी, अकाउंट्स तिघांनी एकाच आयडीने जायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. वेगळे आयडी मागून घ्या. उद्या चुकीचा सर्टिफिकेट अपलोड झाला तर त्या ऑपरेटरसारखं कुणा भलत्याच्या माथी बसायला नको.

नेकर_काठचा

श्टुटगार्टमध्ये सप्लायर क्वालिटीत आहे. क्वालिटीवाली ताईंच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. इकडे हाच पेच सोडवायला २०२१ मध्ये कॅटेना-एक्स हे वाहन उद्योगाचं डेटा देवाणघेवाणीचं जाळं सुरू झालं. डेटा एका मोठ्या टाकीत ओतायचा नाही, ज्याचा त्याने आपल्याकडेच ठेवायचा. समोरच्याने मागितला की दोघांचे कनेक्टर (डेटा देणारी-घेणारी सॉफ्टवेअर) आधी अटी ठरवतात, कशासाठी वापरणार हेही त्यात येतं, आणि मगच तेवढाच तुकडा जातो. तुम्हाला आज त्यात शिरायची गरज नाही. पण विचार तोच धरा: मागणी, हेतू, तेवढाच डेटा.

जर्मन कस्टमर असेल किंवा येणार असेल तर टिसॅक्सबद्दल (वाहन उद्योगातली माहिती सुरक्षेची तपासणी) विचारणा होईल. व्हीडीएची (जर्मन वाहन उद्योग संघटनेची) प्रश्नावली असते, लेबल तीन वर्षं चालतं. त्यात अगदी हेच विचारतात: लॉगिन कोणाला, कोणी मंजूर केलं, माणूस गेल्यावर कधी बंद केलं. तुमचं ते चावीचं रजिस्टर तिथे पुरावा म्हणून दाखवता येईल, फेकू नका.

लॉगबुक

एक कायदेशीर बाब राहिली. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग (कोण कधी आलं, काय केलं याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात. छोट्या उद्योगांना तेव्हा सप्टेंबरपर्यंत मुदत दिली होती, ती कधीच संपली. फायरवॉल घेताना लॉग किती दिवस राहतात ते विचारा, बऱ्याच स्वस्त खोक्यांत दोन-तीन दिवसांत पुसले जातात. सगळ्या मशीन्सची घड्याळं एकाच वेळेला लावून घ्या. एकावर सव्वादोन आणि दुसऱ्यावर पावणेतीन असेल तर रात्री काय झालं ते जुळवताच येत नाही.

व्हर्निअर

पॅरामीटर आणि ऑफसेटचा बॅकअप. आजच्या आज. जुन्या कंट्रोलची बॅटरी गेली तरी सगळं पुसलं जातं, त्याला हॅकर लागत नाही.

भोसरीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितोय, मधे ऑडिट होतं.

चिठ्ठी फाडली, पासवर्ड बदलले, स्क्रीन शेअरिंग काढलं. मॅनेज्ड स्विच आणि फायरवॉल बसली, चार व्हीलॅन केले, लॉग वेगळ्या डिस्कवर सहा महिने राहतात. सर्व मशीन्सचा बॅकअप झाला, एकाची बॅटरी खरंच संपत आली होती. व्हर्निअर, तुमच्या एका ओळीने मोठं नुकसान वाचवलं.

रिमोट राउटर सध्या तीन मशीन्सना लावलाय, की-स्विचसकट. सर्व्हिस इंजिनिअर आधी कुरकुरला. "प्रत्येक वेळी फोन करायचा का?" मी म्हटलं, हो, प्रत्येक वेळी. गेल्या मंगळवारी पहिल्यांदा तसं काम झालं. ज्या ऑपरेटरवर तेव्हा संशय आला होता, त्याच्याच हातात सुपरवायझरने चावी दिली. तो स्क्रीनसमोर उभा राहिला, इंजिनिअर फोनवर सांगत होता आणि हा वहीत लिहीत होता: "जी५४ झेड, आधीचा आकडा, नंतरचा आकडा." (जी५४ म्हणजे वर्क ऑफसेट.) शेवटी सही करून त्याने चावी काढली आणि वही माझ्या टेबलावर आणून ठेवली.

कस्टमरशी बोलणं झालं. क्वालिटीवाली ताई, सायकल टाइम द्यायला नाही म्हटलं. त्यांनी एकदाच विचारलं आणि नग, रिजेक्शन, हीट नंबरवर मान्य झाले. करारातली तीन वाक्यं त्यांच्या लीगलकडे आहेत.

एक अडचण उरलीय. दोन जुन्या मशीन्सचे पॅनेल विंडोज एक्सपीवर आहेत. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच थांबवला आणि मशीन कंपनीचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही. सध्या त्यांना नेटवर्कवरून पूर्ण काढलंय, प्रोग्रॅम पेनड्राइव्हने जातो, आणि तो पेनड्राइव्ह इतर कशालाच लावायचा नाही असं सांगून ठेवलंय. पण कस्टमरला त्या दोन मशीन्सचेही नग हवेत. कंट्रोलला हात न लावता, टॉवर लॅम्प (मशीन चालू-बंद दाखवणारा दिवा) किंवा सायकल स्टार्टच्या रिलेवरून काउंट घेणारं कोणी केलंय का? भोसरी-चिंचवड भागात असं काम करणारा खात्रीचा माणूस असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवा.