नर्सिंगसाठी कोल्हापूर घेऊ का? आणि डोंगरात जायला सुट्टी मिळते का तिथं?

भटकी_लातूरची:
नमस्कार मंडळी. नीट एकदा रिपीट मारून झाली, एमबीबीएसचं काही जमलं नाही, आता बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिलीय. घरच्यांचं म्हणणं इथंच जवळपास घे, पण मला कोल्हापूर पाहिजे. खरं कारण घरी सांगितलं नाही, इथं सांगते. अकरावीत कॉलेजची ट्रिप पन्हाळ्याला गेली होती, तेव्हापासून डोक्यात बसलंय की शिकायचं तर अशा ठिकाणी जिथं रविवारी उठलं की गडावर. लातूरला डोंगर बघायला पण गाडी करावी लागते ना. तर विचारायचं होतं की नर्सिंग करता करता ट्रेक होतात का, का चार वर्षं वॉर्डातच जातात?

मिसळ_जादा_कट:
ये की बिनधास्त! पन्हाळा वीस एक किलोमीटर, सकाळी एसटी धरलीस की दुपारच्या जेवणाला परत हॉस्टेलवर. जोतिबा त्याच अंगाला. गगनबावडा पंचावन्न किमी, पावसात तिथं धुक्यात स्वतःचा हात दिसत नाही. राधानगरीकडं राऊतवाडीचा धबधबा. दाजीपूरचं जंगल मात्र पावसाळ्यात बंद असतंय, गवे बघायचे तर हिवाळ्यात. आणि जुलैत पन्हाळा ते पावनखिंड, मसाई पठारावरनं दोन दिवस चिखल तुडवत, ते एकदा केलंस की बाकीचे ट्रेक विसरशील. जळवांसाठी मीठ ठेव सोबत.

पांढरे_बूट:
वरचा भाऊ नर्सिंगचा नाही हे लगेच कळतंय 😄 मी तिसऱ्या वर्षाला आहे, मी सांगतो. पहिलं म्हणजे हजेरी. थिअरीला ८० टक्के असली की परीक्षेला बसता येतं, पण क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातली ड्युटी, १०० टक्के पूर्ण झाल्याशिवाय डिग्री हातात येत नाही, म्हणजे ट्रेकसाठी एक पोस्टिंग बुडवलंस तर ते पुढं कधीतरी भरून द्यावंच लागतंय आणि ते नेमकं सुट्टीत येतंय. मी पावनखिंडला गेलो होतो पहिल्या वर्षी, दोन दिवस बुडवून, ते दोन दिवस दिवाळीच्या सुट्टीत वॉर्डात उभं राहून फेडलो. घरी आई फराळ करतीय आणि मी बेड मेकिंग.

दुसरं, रविवार. रविवारी काय असतंय सांगतो, युनिफॉर्म धुवायचा, पांढरे बूट घासायचे, केअर प्लॅन लिहायचे, लॉगबुकावर सह्या कुठल्या राहिल्यात ते बघायचं, आणि झोपायचं. मॉर्निंगला सहा तास उभं राहिल्यावर पाय असे सुजतात की गड लांब, जिना नको वाटतो. सुरुवातीलाच हं, नंतर सवय होते. आता महिन्यातनं एखादा रविवार काढतो आम्ही चौघी. नाहीतर संध्याकाळी रंकाळा, चालत एक फेरी आणि भेळ, तेवढ्यात पण डोकं हलकं होतंय.

पाचव्या आणि सातव्या सेमिस्टरला कम्युनिटी असते ते मला सगळ्यात आवडलं, खेड्यात घरोघरी फिरायचं, बीपी बघायचं, गरोदर बायकांशी बोलायचं. आमचं पोस्टिंग डोंगराकडच्या गावात आलं होतं, ट्रेकच समज, फक्त पाठीवर सॅकऐवजी कम्युनिटी बॅग.

रात्रपाळी:
पोरी, मी चौदा वर्षं स्टाफ नर्स आहे, थोडं कडू बोलते. कॉलेज डोंगर बघून घेऊ नकोस, हॉस्पिटल बघून घे. कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल कुठलं, त्यात पेशंट भरपूर आहेत का, कॅज्युअल्टी आणि लेबर रूमला तुम्हाला खरंच हात लावू देतात का, हे तिथं शिकणाऱ्या मुलींना गेटवर गाठून विचार. माझ्या भाचीनं एका कॉलेजची चकचकीत बिल्डिंग बघून फी भरली, कोल्हापूरचं नव्हे ते, आणि वॉर्डात निम्मे बेड रिकामे. चार वर्षांत तिला धड दहा आयव्ही (सलाईनच्या सुया) लावायला मिळाल्या नाहीत.

कोल्हापूरचं तसं बरं आहे, सीपीआरला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्याला, आख्ख्या जिल्ह्यातनं आणि खाली कोकणातनं पण पेशंट येतात. पावसाळ्यात शेतातले सर्पदंश, ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉलीचे अपघात. हे पुस्तकात वाचून येत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता स्वतः तपास, एजंटाच्या तोंडावर जाऊ नको. बाकी कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली येतात आणि सीईटीनं भरतात, अभिमत विद्यापीठाचा प्रवेश वेगळा आणि फी पण वेगळी. हॉस्टेलची फी त्यात धरलीय का ते लेखी घे.

आणि ज्या जुलैत तुला ट्रेक करायचाय त्याच जुलैत पंचगंगा वाढते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ धोका, इथली शाळकरी पोरं पण तोंडपाठ सांगतात. २०१९ ला हायवेच बंद होता, ज्यांना घरी जायचं होतं ते अडकले आणि आम्ही जे ड्युटीवर होतो ते ड्युटीवरच राहिलो. घरच्यांना हे आधी सांगून ठेव.

मिसळ_जादा_कट:
मॅडम बरोबर. मी आपलं गडाचं सांगितलं, शिक्षणातलं मला काय कळतंय.

भटकी_लातूरची:
बाप रे. १०० टक्क्यांचं कुणीच सांगितलं नव्हतं. कॅपमध्ये, म्हणजे सीईटीच्या प्रवेशफेरीत, कोल्हापूरच वर टाकते, पण आधी एकदा येऊन वॉर्ड बघते, बाबांना घेऊन. पांढरे बूट, तुमचं एक कळलं नाही, "मी सांगतो, मी गेलो" लिहिलंय आणि पुढं "आम्ही चौघी". ताई म्हणू की दादा?

पांढरे_बूट:
ताईच गं 😂 आमच्याकडं बायका असंच बोलतात, मी येतो, मी जातो. महिनाभर रहा, सुट्टीला लातूरला गेलीस की तू पण आईला म्हणशील "मी आलो". वॉर्ड बघायला येशील तेव्हा इथं मेसेज टाक, मॉर्निंग सुटली की गेटवर येतो.