‘फ्रँकनस्टाइन’ मुलांच्या गटांकडे सोपवावी का?

फळ्यासमोर
टीवायबीएच्या वर्गाला मेरी शेलीची ‘फ्रँकनस्टाइन’ आहे. यंदा मी व्याख्यानं दिली नाहीत, चार गट पाडले आणि त्यांनी ती वर्गापुढे मांडली. स्टाफरूममध्ये त्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं, म्हणून इथे विचारते आहे.

मुळात ही कादंबरी एका तोंडून सांगितलेलीच नाही. उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन बहिणीला पत्रं लिहितो, त्या पत्रांत व्हिक्टर फ्रँकनस्टाइन आपली कहाणी सांगतो आणि व्हिक्टरच्या कहाणीच्या पोटात त्याने घडवलेला तो जीव स्वतः बोलतो. तासभर मी एकटीच बोलले तर हे सगळे माझ्याच आवाजात ऐकू येतात. म्हणून प्रकरणं वाटली नाहीत, माणसं वाटली: वॉल्टन, व्हिक्टर, तो जीव. चौथ्या गटाला व्हिक्टरच्या घरची मोलकरीण जस्टिन आणि त्याची होणारी बायको एलिझाबेथ.

व्हिक्टरच्या लहानग्या भावाचा, विल्यमचा, खून तो जीव करतो आणि आळ जस्टिनवर येतो. पाद्री नरकाची भीती घालतो, म्हणून ती न केलेला गुन्हा कबूल करते आणि फासावर जाते. चौथ्या गटातल्या मुलीने तो उतारा वाचला, पुस्तक मिटलं आणि व्हिक्टरच्या गटाला विचारलं, “खुनी कोण हे तुला कळलं होतं ना? मग गप्प का बसलास?” सगळा वर्ग पानं उलटायला लागला. बऱ्याच वेळाने एकाला सापडलं: लोक आपल्याला वेडा म्हणतील असं त्याला वाटलं. “एवढंच?” ती म्हणाली. माझ्या व्याख्यानात हा प्रश्न असा कधीच आला नव्हता.

जुना_मास्तर
असहमत. एवढी एक मुलगी सोडा. एरवी पहिल्याच स्लाइडवर काय असतं? मानेत बोल्ट ठोकलेला चौकोनी डोक्याचा राक्षस. तो १९३१च्या चित्रपटातला. पुस्तकात पिवळी कातडी, काळेभोर चमकदार केस आणि मोत्यांसारखे दात आहेत. मुलं सांगतात, विजेच्या कडकडाटात तो जिवंत झाला. पुस्तकात नोव्हेंबरची रात्र आहे, काचांवर पाऊस वाजतो आहे, मेणबत्ती संपत आली आहे, आणि त्या उजेडात एक निस्तेज पिवळा डोळा उघडतो. मी ते पान सावकाश वाचून दाखवतो तेव्हा वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येतो. स्लाइडवर ते ‘क्रिएशन सीन’ एवढ्या दोन शब्दांत उरकतं.

आमच्याकडे एकदा दोन गट भर वर्गात भांडले. एक म्हणे एलिझाबेथ व्हिक्टरची आतेबहीण, दुसरा म्हणे सांभाळलेली अनाथ मुलगी. दोघंही बरोबर होते! एकाकडे १८१८ची आवृत्ती, दुसऱ्याकडे लेखिकेने बदललेली १८३१ची. हे सांगायला शिक्षकच लागतो.

शेवटचा_बाक
मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला. कॉलेजात आमच्या गटाकडे त्या जीवाची सहा प्रकरणं आली होती. तो खोपटात लपून फटीतून शेजारचं कुटुंब बघतो. त्याला आधी आग, दूध, भाकरी, लाकूड एवढेच शब्द कळतात. मग त्या घरातला फेलिक्स परदेशातून आलेल्या सफीला भाषा शिकवतो आणि हा भिंतीआडून शिकत जातो. मीसुद्धा इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं बोलणं ऐकत, मागे बसून, असाच शिकत होतो. वर्गापुढे उभा राहून मी हे अर्ध्या मराठीत सांगितलं. पदवीच्या तीन वर्षांत तेवढाच बोललो.

जुना_मास्तर
हे वाचून थांबलो. पण हे तुम्हाला प्रेझेंटेशनने दिलं, की एकट्याने वाचलेल्या त्या सहा प्रकरणांनी? गटातल्या बाकीच्यांनी किती वाचलं?

शेवटचा_बाक
दोघांनी काहीच वाचलं नाही, सर. पण मी वाचलं ते उभं राहायचं होतं म्हणून. नाहीतर गाईड आणलं असतं.

निशिगंध
आणि मार्क सगळ्यांना सारखेच पडले असतील! माझा राग यावरच आहे. इंटर्नलचे मार्क गटाला देऊ नका, ज्याचे त्याला द्या.

फळ्यासमोर
मार्कांचं पटलं, चूक माझीच. पुढच्या वेळी स्लाइड बंद. हातात फक्त पुस्तक, सगळ्यांकडे १८१८चीच आवृत्ती, प्रत्येकाने आपल्या दहा ओळी वाचायच्या आणि त्यावरच्या प्रश्नांना स्वतः उत्तरं द्यायची. पण सर, गट मी मोडणार नाही.

जुना_मास्तर
स्लाइड गेल्या तर माझी अर्धी तक्रार गेली. एक विचारतो. फेलिक्सचा म्हातारा आंधळा बाप डी लेसी, त्या जीवाशी मायेने बोलणारा पहिला माणूस, तो प्रसंग कोणी मांडला?

फळ्यासमोर
तिसऱ्या गटाकडे होता. तासाची वेळ संपली, राहून गेला.

जुना_मास्तर
तो तेवढा तुम्ही स्वतः वाचून दाखवा. उद्याच.