मदत हवी आहे: मोटारसायकलमागे धावणारा भुऱ्या आणि फुटाण्यांचा डबा

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीकडच्या एका गावात राहतो. घर रस्त्याला लागून, मागं वावर. भुऱ्या आमचा गावठी कुत्रा, दीड वर्षाचा. एरवी गरीब, लेकरं त्याच्या अंगावर लोळतात. रेबीजची लस दिली आहे. पण मोटारसायकल दिसली की त्याच्या अंगातच येतं. मागच्या महिन्यात दूधवाल्याच्या पँटची मोरी धरली. दात लागला नाही, नशीब. तेव्हापासून तो आमच्या दारात थांबत नाही, मीच सकाळी साडेसहाला कॅन उचलून पारापर्यंत नेते.

मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, उपाय एकच, तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी. एक बसली की भुऱ्या तासभर बैलबंडीखाली दडतो आणि पुढची गाडी आली की पुन्हा तेच. आता तर मामाजींच्या हातात तुतारी दिसली तरी गुरगुरतो.

मी मोबाईलवर व्हिडिओ पाहून ठरवलं, मारायचं नाही, चांगलं वागला की खाऊ द्यायचा. डब्यात फुटाणे ठेवले. गाडीचा आवाज आला की हाक मारते, आला की फुटाणे देते आणि लगेच साखळीनं बांधते. आठ दिवस छान येत होता. आता हाक मारली की १० फुटांवर उभा राहून नुसता पाहतो. डबा वाजवला तरी येत नाही.

मामाजी म्हणतात, "काऊन वं, कुत्र्याले लाच देऊन रायली का?" त्यांची दुसरी काळजी मात्र मला खोडता येत नाही. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं येतात, जागलीला भुऱ्याच सोबत असतो. असा लाडावला तर रात्री भुंकेल का? आणि माझं नेमकं कुठं चुकतंय?

प्रतिसाद १
ताई, चूक तुम्हीच लिहून ठेवली आहे. हाकेवर आला की साखळी! त्याच्या हिशेबात "भुऱ्या, ये" म्हणजे बांधणं. चार फुटाण्यांसाठी कोण येईल? आता ती हाक काही दिवस बंद ठेवा, नवा शब्द घ्या. दिवसातून दहा-बारा वेळा बोलवा, खाऊ द्या आणि सोडून द्या. बांधायचं असेल तेव्हा हाक न मारता स्वतः त्याच्यापाशी जा.

आणि गाडी दरवेळी निघून जाते ना? त्याला वाटतं, मीच हाकलली. म्हणजे धावण्याचं बक्षीस त्याला रोज फुकट मिळतंय, त्यापुढं फुटाणे फिके पडणारच. गाड्यांच्या वेळेला मोकळा सोडूच नका. लांब कासऱ्याला धरून रस्त्यापासून इतकं दूर उभं राहा की गाडी दिसेल, पण तो ताणणार नाही. गाडी दिसल्याबरोबर, भुंकायच्या आधी, तुकडा तोंडात. एक-दोन सेकंदांपेक्षा उशीर नको. गाडी गेली की खाऊ बंद. खाल्लं नाही तर समजा फार जवळ आहात, मागं सरका. पाच मिनिटं पुरे. जमलं की थोडं थोडं पुढं या. उकडलेलं अंडं किंवा कलेजी द्या, हरभऱ्याएवढे तुकडे. कांदा घातलेलं काही देऊ नका.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. गुरगुरणं मात्र मारून बंद करू नका. तो आधी सांगतोय हे बरं आहे. ते दाबलं तर एक दिवस न सांगता चावेल. तुतारी त्याच्यासमोर आणू नका, गुरांच्या कोठ्यातच टांगून ठेवा. कोणाला दात लागलाच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा, हळद-मिरची लावू नका.

जागलीची काळजी करू नका. रस्त्यावर गाडीपाशी शांत राहायला शिकला म्हणून वावरातल्या डुकरावर भुंकणं तो विसरत नाही. त्या भुंकण्याला रात्री शाबासकी द्या.

लाचेचं म्हणाल तर लाच आधी दाखवतात, मजुरी काम झाल्यावर देतात. डबा आधी वाजवू नका. ज्या वागण्यामागून फायदा होतो ते वाढतं, हे अमेरिकेतल्या स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं उंदरांवर प्रयोग करून १९३८ च्या पुस्तकात मांडलं. गोऱ्हा जुंपायला शिकवताना मामाजी कष्टानंतर ढेप देत होते की नाही, विचारा त्यांना.

धागाकर्ती
विचारलं. मामाजी हसले नाहीत, पण तुतारी कोठ्यात टांगली. आज पाचवा दिवस. कडुनिंबापाशी उभं राहिलं की भुऱ्या गाडी पाहून माझ्याकडं मान वळवतो. फाटकापाशी अजून ताणतो. दूधवाल्याला विनवलं आहे, रविवारी गाडी हळू चालवत दोन चकरा मारायला तयार झाला.

एक अडचण राहिली. आमच्या घरात सोमवारी अंडं-मटण चालत नाही आणि श्रावणात तर महिनाभर नाही. फुटाण्यांना तो आता हुंगतही नाही. घरच्या दुधाचं पनीर चालेल का, की आणखी काही सुचवाल?