तिठा, फाटा, चौक : रस्त्यांच्या जाळ्यातले शब्द

प्रश्न : शहरांच्या रस्त्यांची तुलना जाळ्याच्या गणिताने कशी करतात, यावर मराठीत लिहितोय. रस्ते मिळतात ती जागा ‘नोड’, दोन नोडमधला रस्त्याचा तुकडा ‘एज’, आणि नोडला किती तुकडे जुळतात ती त्याची ‘डिग्री’. पुस्तकी शब्द शिरोबिंदू आणि कडा. पण ‘शनिपाराचा शिरोबिंदू’ कसं वाटतं ते तुम्हीच सांगा. नोडला सरळ चौक म्हणू का?

उत्तर : चौक नको. त्यातले ‘चार’ केव्हाच गळून पडलेत, तीन रस्ते मिळाले तरी पाटी चौकाचीच लागते. आणि तुलनेत तर तीन की चार यालाच महत्त्व. शिकागोसारख्या आखून वसवलेल्या शहरात चारतोंडी नोड भरपूर, हळूहळू वाढत गेलेल्या गावांत तीनतोंडी जास्त. तीनतोंडीला आमच्या कोकणात ‘तिठा’ म्हणतात. हातखंबा तिठा, पणदूर तिठा. चारतोंडीला चव्हाटा होता, पण आता तिथे लोकांची भांडणंच येतात. चौफुला घ्या.

उत्तर : आमच्याकडे घाटावर तिठ्यालाच फाटा म्हणतात की!

उत्तर : नाही हो, फरक आहे. फाटा म्हटलं की मोठा रस्ता सरळ पुढे जातो आणि दुसरा त्याला फुटतो. तिठ्यात थोरला-धाकटा कोणी नाही. डिग्री मोजताना हा भेद नसतोच, म्हणून तिठा बरोबर.

लातूरची गंजगोलाई, म्हणजे तिथली गोल बाजारपेठ, घ्या. १६ रस्ते मिळतात, म्हणजे आपल्या लेखी तो एकच नोड. नकाशातून जाळं काढणारा प्रोग्राम मात्र प्रत्येक रस्ता गोलाला जिथे भिडतो तिथे एकेक नोड धरतो. झाले १६ तिठे! ते आधी एकत्र केले नाहीत तर त्यावरून काढलेली डिग्रीची सरासरी फुकट.

प्रश्नकर्ता : तिठा पक्का. डिग्री एक असेल तर बोळ चालेल? २००६च्या एका अभ्यासात एकेक चौरस मैलाचे तुकडे घेतलेत. अहमदाबादच्या तुकड्यात २,८०० हून जास्त नोड, नवी दिल्लीच्या तेवढ्याच तुकड्यात अडीचशेच्या आसपास. अहमदाबादच्या पोळींमध्ये (खायच्या नव्हेत, दरवाज्याआडच्या वस्त्या) पुढे बंद होणाऱ्या वाटा पुष्कळ.

उत्तर : बोळ अरुंद असतो, बंद असतोच असं नाही. पुण्यातले कितीतरी बोळ पलीकडच्या रस्त्याला निघतात. ‘बंद गल्ली’ लिहा, आणि नोडला ‘बंद टोक’.

प्रश्नकर्ता : आणि ‘बिट्वीननेस’? कुठल्याही दोन ठिकाणांमधल्या सर्वांत जवळच्या वाटा काढल्या, तर त्यांतल्या किती या नोडवरून जातात, ते माप.

उत्तर : ज्या नोडचं हे माप मोठं, तो ‘नाका’. जकात तिथेच बसवायचे, कारण टाळून जायचं तर लांबचा वळसा. मापाला मात्र ‘नाकेपणा’ म्हणू नका, लोक हसतील. ‘मध्यस्थता’ लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे कंसात नाक्याचं उदाहरण द्या.