जावातली बटई आणि पुतण्याची हौस

औसेकर: पुतण्या नोकरीपायी इंडोनेशियात, मध्य जावातल्या एका खेड्यात राहतो. परवा व्हिडिओ कॉलवर भाताची खाचरं दाखवली. तुकडा केवढा, तर आपल्या खळ्याएवढा! मालक शहरात, कसणारा शेजारी, पीक निम्मं-निम्मं. ‘मारो’ म्हणतात म्हणे. ही तर आपली बटईच की! आता पठ्ठ्या म्हणतो, काका, इथं दोन गुंठे घेऊन टाकू. घेऊ द्यावं का?

चाकूरचा: मी चार वर्षं होतो तिकडं. 1960च्या जमीन कायद्यानं पूर्ण मालकी, ‘हाक मिलिक’, तिथल्याच नागरिकाला. दुसऱ्याच्या नावावर घेतो म्हणाला तर कान धरा. असा व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा, दिलेला पैसाही बुडाला.

गंमत सांगतो. जावात गावच्या मुखियाला पगारापोटी कसायला जमीन देत, ‘बेंगकोक’. आपल्या पाटलाच्या वतनासारखंच, पण खुर्ची गेली की वावरही गेलं.

निलंग्याची लेक: पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांत वडिलोपार्जित जमीन आईकडून लेकीकडं जाते. आन् इथं? हक्कसोडीवर सही कर म्हणून भाऊ साडी घेऊन आला होता. मी केली नाही. तीन वर्षं झाली, पंचमीला न्यायला कुणी येत नाही. साडी तशीच घडीत आहे.

औसेकर: ताई, काय बोलावं. पुतण्याला कळवलंय. म्हणतो, मग भाड्याच्या घरामागं केळी तरी लावतो. लाव म्हणलं, पण आधी घरमालकिणीला विचार.