नांगरावरच्या जहाजांना हायड्रोजनची वीज : गोव्यातल्या मुरगाव बंदरात सुरुवात का करू नये?

वास्कोकर
जहाज नांगरावर उभं राहिलं म्हणून त्याचे जनरेटर थांबत नाहीत. पंप, क्रेन, दिवे, गॅली (जहाजावरचं स्वयंपाकघर), सगळं रात्रंदिवस डिझेलवर. धक्क्याला लागलेल्या जहाजाला किनाऱ्यावरून केबलने वीज देता येते, पण भर पाण्यात बार्जमधून (सपाट तळाच्या मालवाहू होडीतून) खनिज भरून घेणाऱ्या जहाजाला कुठली केबल? माझं स्पष्ट मत आहे : मुख्य इंजिन राहू दे, जनरेटरच्या जागी हायड्रोजन फ्युएल सेल आणा, म्हणजे हायड्रोजन न जाळता त्यापासून थेट वीज बनवणारं यंत्र. होनोलुलू बंदरात २०१५-१६ मध्ये कंटेनरमध्ये बसवलेल्या १०० किलोवॅटच्या सेलने रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरना वीज दिली होती.

सेकंड इंजिनियर
वास्कोकरबाब, हिशेब मांडूया. ४०० किलोवॅटचा भार धरा, म्हणजे दिवसाला ९,६०० युनिट. एक किलो हायड्रोजनमागे सेल साधारण १७ युनिट देतो. रोज साडेपाचशे किलोच्या वर लागेल. तो पाण्यापासून बनवायला किलोमागे ५०-५५ युनिट जातात. एक युनिट वापरायला तीन घालवायची! शिवाय आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू किंवा कोळशापासूनच निघतो. धूर बंदराजवळच्या वास्कोतून उचलून दुसऱ्याच्या गावात ठेवायचा, हे कोळशाविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या गोव्याला शोभत नाही.

वास्कोकर
कोळशापासूनचा हायड्रोजन मलाही नकोच. हिरव्या, म्हणजे सौर-पवन विजेवर पाण्यापासून बनवलेल्या हायड्रोजनसाठी केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं मिशन मंजूर केलंय. गिऱ्हाईक नसेल तर तो बनवणार कोण?

सेकंड इंजिनियर
गिऱ्हाईक आहे की. खताच्या अमोनियाला आणि रिफायनरीला हायड्रोजन आजही लागतोच. हिरवा आधी तिकडे जाऊ दे.

मांडवीकाठ
परदेशी जहाज इथे चार दिवस येणार, पुढच्या बंदरात हायड्रोजन मिळणार नसेल तर मालक सेल बसवेल कशाला? बार्जपासून सुरुवात करा. ठरलेला मार्ग, ठरलेली जेटी, टाकी भरायची जागा एकच. कोचीन शिपयार्डने बांधलेली, फेब्रुवारी २०२४ मध्ये पाण्यात उतरलेली हायड्रोजनवरची फेरीबोटसुद्धा नदीसाठीच आहे.

सेकंड इंजिनियर
नदीतल्या छोट्या फेरीबोटींना बॅटरी पुरते, तिथेही हायड्रोजन कशाला?

वास्कोकर
मांडवीकाठ, तुमच्या मुद्द्यावरून सुचलं. सेल जहाजावर नकोच, बार्जवर ठेवा. तो बार्ज नांगरलेल्या जहाजाला बाजूने लावायचा आणि वीज द्यायची. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) चालणाऱ्या बार्जने क्रूझ जहाजांना अशीच वीज दिली आहे. मालकाला पुढच्या बंदराची काळजी नाही, हायड्रोजनही मुरगावातच भरायचा.

सेकंड इंजिनियर
हे आधीपेक्षा कितीतरी पटतं. पण हॅम्बुर्ग नदीतलं बंदर, इथे उघड्या समुद्राची लाट. जहाज आणि बार्ज दोन्ही सतत हलत असताना केबल सांभाळायची कशी? ग्रॅब (खनिज उचलणारा पंजा) वर घेताना क्रेनचा भार एकदम चढतो, सेलला तो झटका मानवत नाही, म्हणून शेजारी बॅटरी हवीच. सेलमध्ये जाणारी हवा मिठापासून गाळून घ्यावी लागते. बहुतेक जहाजांची वीज ६० हर्ट्झची, तेही जुळवायला हवं. आधी धक्क्यावरची केबल पूर्ण करा. मग असा एक बार्ज ऑक्टोबर ते मे चालवून बघा, मी विरोध करणार नाही.