मायएसक्यूएलडम्पची फाइल परत चढवली की मराठी नावांचा कचरा होतोय. बॅकअप वाया गेला का?

ग्रंथसेवक

नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय आहे, ब वर्गाचं. दाखल नोंदी, सभासद, देवघेव, अनामत सगळं झॅम्प या सॉफ्टवेअर-संचातल्या मारियाडीबी डेटाबेसमध्ये (मायएसक्यूएलचंच भावंड) आहे. प्रणाली बांधून देणारा मुलगा आता नोकरीसाठी बाहेरगावी असतो. रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी मी मायएसक्यूएलडम्प (डेटाबेसची नक्कल फाइलमध्ये उतरवणारा प्रोग्राम) चालवतो आणि फाइल पेनड्राइव्हवर घेतो. आज्ञा त्याने वहीत लिहून दिलेलीच: यूझर, पासवर्ड, डेटाबेसचं नाव, मग 'पेक्षा मोठे'चं चिन्ह आणि फाइलचं नाव.

दिवाळीनंतर नवा संगणक आला, विंडोज 11. स्क्रीनवर मराठी व्यवस्थित दिसतं, काम सुरळीत चाललंय. मात्र गेल्या आठवड्यात अनामतीच्या टेबलातल्या काही नोंदी पुसल्या गेल्या. म्हणून आदल्या दिवसाची फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर चढवायला घेतली, तर सुरुवातीलाच एरर: आज्ञेत आस्की शून्य (शून्य किमतीचा बाइट) आलाय, बायनरी मोड चालू केल्याशिवाय चालणार नाही, अशा अर्थाची. मग फाइल नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-8 (अक्षरं बाइटांत साठवायची प्रचलित पद्धत) म्हणून सेव्ह केली. आता चढली, पण मराठी पार गेलं. आकडे, तारखा, इंग्रजी पुस्तकं जागच्या जागी. मराठी असेल तिथे ग्रीक अल्फा, मग डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन, मग चौकटीचे तुकडे. पुन्हा अल्फा, पुन्हा एन.

दिवाळीपासूनच्या सगळ्या फाइली अशाच आहेत. अनामत म्हणजे लोकांचे पैसे, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय. काही करता येईल का?

निळा_कर्सर

टेबलांचा कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ8एमबी4 आहे का बघा. नसेल तर ऑल्टर टेबल करून बदला आणि पुन्हा डम्प घ्या. मराठीचा घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो.

मीनल_डीबीए

दादा, ऑल्टर टेबल अजिबात चालवू नका. चालू डेटाबेसमध्ये मराठी नीट दिसतंय म्हणजे तो धडधाकट आहे, त्याला हात लावायचं कारणच नाही. देवनागरी अक्षर यूटीएफ-8 मध्ये तीन बाइटांत बसतं, म्हणजे मायएसक्यूएलच्या जुन्या तीन बाइटी यूटीएफ8 मध्येही ते मावतं. चौथा बाइट इमोजी वगैरेंना लागतो. आणि पेनड्राइव्हवरची एकही फाइल पुसू नका, त्या परत मिळवता येतात.

तुम्ही ग्रीक अल्फाचं लिहिलंत ते फार बरं केलंत, त्यावरूनच सगळं कळलं. 'म' हे अक्षर यूटीएफ-8 मध्ये ई0, ए4, एई अशा तीन बाइटांत साठवलं जातं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा ई0 ए4 किंवा ई0 ए5 ने सुरू होते. आता जुन्या आयबीएम पीसीचं कोडपेज 437 (कोणता बाइट म्हणजे कोणतं चिन्ह याचा तक्ता) घ्या: त्यात ई0 म्हणजे अल्फा, ए4 म्हणजे नागमोडी रेघेचा छोटा एन, ए5 म्हणजे तसाच मोठा एन. लॅटिन-1 चा घोळ असता तर अल्फाच्या जागी तिरकी रेघ असलेला ए दिसला असता आणि एनच्या जागी चलनाचं गोल चिन्ह. म्हणजे कुणीतरी तुमचे बाइट 437 समजून वाचलेत.

ते काम पॉवरशेलचं, म्हणजे विंडोजमध्ये आज्ञा चालवायच्या नव्या खिडकीचं. विंडोज 11 मध्ये टर्मिनल उघडलं की सहसा पॉवरशेल 5.1 येतं, तुमच्या जुन्या संगणकावर काळी कमांड प्रॉम्प्ट असणार. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पेक्षा मोठे'चं चिन्ह प्रोग्रामकडून आलेले बाइट जसेच्या तसे फाइलमध्ये ओततं. पॉवरशेल 5.1 मात्र ते आधी कन्सोलच्या कोडपेजने मजकूर म्हणून वाचतं आणि मग यूटीएफ-16 मध्ये लिहितं. शून्याची एरर त्या यूटीएफ-16 मुळे आली: त्यात प्रत्येक इंग्रजी अक्षरालाही दोन बाइट लागतात, त्यातला एक शून्य. मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्येही याबद्दल सूचना आहे. (पॉवरशेल 7.4 पासून हे सुधारलंय, पण विंडोजसोबत 5.1 च येतं.) खात्री करायची तर फाइलचा आकार बघा: दिवाळीनंतरची फाइल दिवाळीआधीच्या दुप्पट निघेल.

आजपासून ते चिन्ह वापरूच नका, फाइल मायएसक्यूएलडम्पलाच लिहू द्या. इथे देवनागरीत देतेय, टाइप करताना रोमन करा:

मायएसक्यूएलडम्प -यू रूट -पी --डिफॉल्ट-कॅरॅक्टर-सेट=यूटीएफ8एमबी4 --रिझल्ट-फाइल=डी:\बॅकअप\वाचनालय.एसक्यूएल वाचनालय

टेबलं इनोडीबी प्रकारची असतील तर --सिंगल-ट्रान्झॅक्शन जोडा, म्हणजे देवघेव चालू असतानाही डम्प एकसंध निघेल.

आता जुन्या फाइली. नोटपॅडमधून सेव्ह केलेली बाजूला ठेवा, पेनड्राइव्हवरची मूळ घ्या. पायथनच्या दोन ओळी पुरतात:

मजकूर = ओपन('जुनी.एसक्यूएल', एन्कोडिंग='यूटीएफ-16').रीड()
ओपन('दुरुस्त.एसक्यूएल', 'डब्ल्यूबी').राइट(मजकूर.एन्कोड('सीपी437'))

437 मध्ये 256 च्या 256 बाइटांना चिन्हं नेमलेली आहेत, त्यामुळे जाताना काही हरवलेलं नाही आणि उलट्या वाटेने तेच बाइट परत येतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते: दुरुस्त फाइल चालू डेटाबेसवर चढवू नका. डम्पमध्ये प्रत्येक टेबलाआधी 'ड्रॉप टेबल इफ एग्झिस्ट्स' असतं, आठवडाभराची देवघेव एका झटक्यात जाईल. 'तपासणी' नावाचा रिकामा डेटाबेस करा, मायएसक्यूएलमध्ये शिरून यूझ तपासणी म्हणा आणि सोर्स आज्ञेने फाइल तिथे चढवा. मग सिलेक्ट हेक्स(नाव) करून (यात साठवलेले बाइट दिसतात) चार-पाच पुस्तकं बघा. सुरुवात ई0ए4 ने झाली की मराठी शाबूत. त्यानंतर अनामतीच्या फक्त हरवलेल्या नोंदी इन्सर्ट-सिलेक्टने (एका टेबलातून निवडून दुसऱ्यात भरणाऱ्या आज्ञेने) मूळ टेबलात न्या.

सह्याद्री_सिसॅडमिन

मीनलताईंनी सगळं सांगितलंच आहे. मी एवढंच जोडतो: रोज फाइलची शेवटची ओळ बघायची सवय लावा. 'डम्प कम्प्लीटेड ऑन' आणि तारीख असेल तरच डम्प पुरा झालाय. डिस्क भरली किंवा मध्येच प्रोग्राम मेला तरी फाइल तयार होते आणि वरवर ठीक दिसते. आणि पेनड्राइव्ह एकच असेल तर दुसरा घ्या, तो वाचनालयात ठेवू नका.

ग्रंथसेवक

मीनलताई, शतशः आभार. आकार तुम्ही म्हणालात तसाच निघाला, ऑक्टोबरची शेवटची फाइल 41 एमबी आणि पुढची 83. पायथन टाकून दोन्ही ओळी चालवल्या, 'तपासणी'त फाइल चढली, हेक्स ई0ए4 ने सुरू होतंय. अनामतीच्या नोंदी पावतीपुस्तकाशी एकेक ताडून मूळ टेबलात घेतल्या, रकमेची बेरीज कीर्दीशी जुळली. वहीतल्या जुन्या आज्ञेवर काट मारून खाली नवी लिहिली आहे. दुसरा पेनड्राइव्ह कार्यवाहांच्या घरी राहील. हे काम टास्क शेड्युलरवर (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीवर) टाकायचं तर पासवर्ड बॅच फाइलमध्ये उघडा लिहावा लागेल का?

मीनल_डीबीए

नको. माय.आयएनआय सारखी वेगळी फाइल करा, तिच्यात क्लायंट विभागाखाली यूझर-पासवर्ड लिहा आणि आज्ञेत अगदी पहिला पर्याय म्हणून --डिफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल ने तिचा पत्ता द्या. पहिला नसला तर चालत नाही. फाइलची वाचण्याची परवानगी फक्त तुमच्या खात्याला ठेवा, आणि बॅकअपसाठी रूटऐवजी फक्त सिलेक्ट, लॉक टेबल्स, शो व्ह्यू, ट्रिगर एवढेच अधिकार असलेला यूझर बनवा.